वारा आषाढात, उकाडा ऑक्टोबरात

आषाढात डोंबिवलीची वीज जाते ती बहुधा झाडाची फांदी तारांवर कोसळून. गंमत म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर आणि धुळ्यातल्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या भरात असतात. राज्यात सुमारे 5,000 मेगावॉटच्या पवनचक्क्या आहेत. आकडा भरघोस, पण वाऱ्याच्या मर्जीवरचा.

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी नव्हे, आठवा हिस्सा उरते. सेकंदाला तीन-चार मीटरखाली वीज मिळेनाशी होते. पंचवीसच्या वर यंत्र जपण्यासाठी पातीच थांबवावी लागतात. आणि वीज तर लागेल त्याच क्षणी तयार व्हायला हवी. हा मेळ आपल्या शेजारीच घातला जातो, ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला, कळव्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्रात. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पडतात. कोणत्या तुकड्यात किती वीज देणार, हे पवनवाल्यांनी आधी कळवायचं; अंदाज फार चुकला तर भुर्दंड. राज्य वीज नियामक आयोगाचा 2018 चा नियमच आहे तसा. वारा अचानक पडला की कोयनेला हाक जाते, कारण पाण्यावरचा संच काही मिनिटांत भार उचलतो. बंद पडलेल्या कोळशाच्या संचाला तास न् तास लागतात. मात्र कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणीही वर्षाला 67.5 टीएमसी, कृष्णा लवादानं बांधून दिलेलं.

मग साठवा की वीज! सोय आहे, तीही आपल्याच जिल्ह्यात. शहापूर तालुक्यात चोंढ्याला घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. वीज मुबलक असताना खालचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जलाशयात चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. चढवायला लागते तेवढी वीज परत मिळत नाही, ती घट सोसायची. रात्रीची वीज दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राखायला हे झकास. पण साठा तासांचा, महिन्यांचा नव्हे.

आणि आपली अडचण महिन्यांची आहे. पावसाळ्यात शेतीपंप थंड, एसी बंद, तेव्हा वारा धो धो. पाऊस सरला की वारा पडतो आणि कल्याण-डोंबिवलीत रात्रभर एसी घुमू लागतात. त्या रात्रींसाठी कोळशाचे संच वर्षभर राखावे लागतात, आणि त्यातला एखादा चालवला नाही तरी तयार ठेवल्याचा स्थिर आकार महावितरणला मोजावाच लागतो. पवनविजेचा युनिटमागचा दर सांगताना ही रक्कम कुणी शेजारी मांडत नाही. मांडायला हवी.