अंगठा नाही म्हणाला तर?

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुकलं तर सांभाळून घ्या. पण विषय आपल्या खानदेशचाच आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता!

आधारचे आकडे १२. शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून काढतात, म्हणून टाइप करताना एक आकडा चुकला तरी पकडला जातो. रेशन दुकानात अंगठा लावला की नंबर आणि ठसा सर्व्हरकडे जातात. उत्तर येतं फक्त 'हो' किंवा 'नाही'.

माझ्या आजीला तीनदा 'नाही' आलं. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजल्यात. ती म्हणाली, "मंग मी कोन शे?" शेवटी ओटीपी मागवला. तो आला माझ्या मोबाईलवर आणि मी इथे प्रॅक्टिकलला, फोन बंद! त्या दिवशी आजी रिकामी पिशवी घेऊन घरी गेली.

'नाही' म्हणजे ठसा जुळला नाही, एवढंच. माणूस खोटा ठरत नाही. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी असं सॉफ्टवेअर लिहील. तेव्हा 'नाही'च्या पुढची पायरीसुद्धा लिहायला विसरू नका.