पाक उतरवायची वेळ

गुऱ्हाळावर सगळ्यांचं लक्ष असतं ते गुळव्याकडे. रस उकळत असतो, मळी काढून झालेली असते, आणि तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बोटांत दाबून बघतो. त्यानं 'उतरवा' म्हटलं, की काहील खाली आलीच पाहिजे. आणखी चांगला होईल म्हणून पाक चुलवाणावर ठेवला, तर गूळ काळा पडतो.

आमच्या कोडोलीतली शेजारची एक मुलगी तीन वर्षं एकच गोष्ट लिहिते आहे. पहिलं पान सुरेख आहे. पण तेच पान लिहून-खोडून तिच्या वह्या संपल्या, आणि दिवाळी अंकाची मुदत तीनदा टळली. आधी म्हणायची, "मनासारखं उतरत नाही, काका." हल्ली म्हणते, "मला लिहिताच येत नाही." मला धास्ती वाटते ती या दुसऱ्या वाक्याची.

तिला मी बाबूराव पेंटरांविषयी सांगितलं. कोल्हापूरचा हा चित्रकार आणि शिल्पकार भलताच चोखंदळ. चित्रपटातले पोशाख, देखावे आधी स्वतः कागदावर रेखाटायचा. असा माणूस उत्तम विलायती कॅमेऱ्यासाठी अडून बसता, तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी आनंदराव पेंटरांबरोबर कॅमेरा घरीच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव वारले. मग दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो पुरा केला, आणि त्याच कॅमेऱ्यातून 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला.

पण मला जास्त मोलाची वाटते ती 'सावकारी पाश'ची गोष्ट. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा हा मूकपट 1925 साली निघाला. शेतकरी झाले होते तरुण शांताराम. पुढे बोलपट आले, तेव्हा बाबूरावांनी हीच कथा 1936 साली पुन्हा केली. म्हणजे राहून गेलेलं त्यांच्याही मनात असणार. (हा माझा तर्क.) मात्र पहिला चित्रपट अकरा वर्षं डब्यात ठेवून ते सुधारत बसले नाहीत. तो लोकांसमोर आला, दुसरा त्यानंतर.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. परवा रस्त्यात भेटली, तर चेहरा पडलेला.

"काका, शेवट पार फसलाय."

"म्हणजे शेवट लिहिलास?"

"हो. आणि आई पोस्टात टाकूनसुद्धा आली."