इंजिन तापलेलं, पण काटा थंडच! सेन्सरचे कपलर बंदीच्या काळातच तपासून घ्या



१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी वर घेतल्या की आपण रंग काढतो, पंखा उतरवतो, जाळी विणतो, इंजिनाचं तेल बदलतो. वायरिंगकडे मात्र कोणी बघत नाही. मीटरचा काटा हलतोय ना, मग झालं! खरं तर या मीटरवरच आपण समुद्रात सगळा विश्वास ठेवतो, म्हणून आज त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजायला जो सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा छोटा कपलर असतो. सेन्सर गरम झाला की त्याचा विद्युत अडथळा कमी होतो आणि त्यावरून केबिनमधला काटा वर चढतो. आता कपलर सैल झाला, आतली पिन हिरवी पडली किंवा वायर तुटली तर काय होईल? अडथळा वाढेल. अडथळा वाढला म्हणजे मीटरच्या हिशेबाने इंजिन थंड! इम्पेलर फाटून समुद्राचं पाणी येणं बंद झालंय, इंजिन उकळतंय, आणि तांडेलासमोरचा काटा मात्र आरामात खाली बसलाय. वाफ दिसेपर्यंत किंवा वास येईपर्यंत कोणाला कळत नाही. तोवर हेड गॅस्केट गेलेली असते, कधी हेडच वाकलेलं असतं.

ऑइलच्या दिव्याचंही तसंच. साध्या इंजिनात ऑइलचं प्रेशर पडलं की स्विच अर्थिंग देतो आणि दिवा लागतो. वायर निघालेली असेल तर प्रेशर शून्य झालं तरी दिवा लागणारच नाही. म्हणून रोज सकाळी एक सवय ठेवा. चावी फिरवा, पण इंजिन लगेच चालू करू नका. दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवून दिवा लागलाच नाही, तर बल्ब, वायर किंवा स्विच यातलं काहीतरी गेलंय. ते बघितल्याशिवाय धक्का सोडू नका.

हे कपलर खराब का होतात? आपण म्हणतो खाऱ्या हवेने. ते अर्धं खरं आहे. सुरुवात होते उष्णतेपासून. सायलेन्सर, मॅनिफोल्ड, टर्बो यांच्याजवळचं प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजून पापडासारखं ठिसूळ होतं. लॉकची जीभ तुटते. आतलं रबरी सील कडक होऊन आकसतं, आणि मग खारी हवा आत शिरते. तांब्याची वायर आवरणाच्या आतून हिरवी-काळी होत जाते, बाहेरून काही दिसत नाही. सगळ्यात जास्त भाजतं ते इंजिन बंद केल्यावर. पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंड गरमच असतं आणि इंजिन खोलीचं झाकण आपण लगेच लावून टाकतो. थोडा वेळ झाकण उघडं ठेवा, ब्लोअर असेल तर चालू राहू द्या.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. माझदाच्या आरएक्स-७ सारख्या जुन्या स्पोर्ट्स कारवालेही ठिसूळ कपलरनी हैराण आहेत. छोट्या जागेत कोंबलेलं, खूप तापणारं इंजिन. त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आपली बोट कुठे उभी राहणार?

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून कपलरजवळची वायर हाताने हलकेच हलवा, गरम भाग आणि पट्टा सांभाळून. काटा उडाला किंवा पडला तर दोष तिथेच. मल्टीमीटर असेल तर कपलर काढून सेन्सर मोजा, एकदा इंजिन थंड असताना आणि एकदा गरम झाल्यावर. आकडा कंपनीप्रमाणे वेगळा असतो. बऱ्याच सेन्सरना २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास येतो. गरम झाल्यावर आकडा चांगला उतरला तर सेन्सर ठीक, मग कपलर-वायर बघा. उगाच नवा सेन्सर घेऊ नका. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी सेन्सरच बदलला जातो, पैसे जातात आणि काटा तसाच राहतो.

जुना कपलर काढताना वायर धरून ओढू नका. प्लास्टिक थोडं कोमट असू द्या, बारीक पेचकसने जीभ दाबून कपलरच धरून काढा. पिन नुसती मळलेली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रॉकेल-पेट्रोल नको. प्लास्टिकच तडकलं असेल तर वायरसकट नवा कपलर जोडा. कापण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, रंग विसरायला होतात. हिरवी पडलेली वायर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मागे कापा. शक्यतो कल्हई केलेली, म्हणजे टिन केलेली वायर वापरा. जोड चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसतं सोल्डर मारलं तर वायर तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. दोन वायरींचे जोड शेजारी-शेजारी न ठेवता मागे-पुढे ठेवा. काळी टेप गुंडाळायची सवय सोडा, उष्णतेने तिचा गोंद वितळतो आणि आत पाणी धरून राहतं. सीलवर थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, वायर मॅनिफोल्डपासून लांब बांधा, आणि लांब जमत नसेल तर फायबर ग्लासची स्लीव्ह घाला.

ज्यांच्याकडे नवीन कॉम्प्युटरवालं इंजिन आहे त्यांनी जरा जपून. त्यात क्रँक सेन्सरचा कपलर गेला तर इंजिन थेट बंद पडू शकतं. तिथे वायरला टेस्ट लॅम्प लावून बघू नका, माहितगार मेकॅनिकलाच बोलवा. बोटीवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी सोडवा, आणि कॉम्प्युटरचे कपलर काढायचे का ते मेकॅनिकला विचारून घ्या.

फेरीला जाताना एका बंद डब्यात दोन जादा कपलर वायरसकट, क्रिंपिंग पक्कड, हीट श्रिंक आणि ऑइलचा एक स्विच ठेवा. डबा केबिनमध्ये ठेवा, इंजिन खोलीत नको.