डबा अर्धा रिकामा राहू द्या

गेल्या हिवाळ्यात गॅलरीत पहिल्यांदाच मातीशिवाय लेट्यूस लावलं. तेलाचा पाच लिटरचा डबा, झाकणाला भोक, त्यात जाळीचा पेला, पेल्यात मूठभर कोकोपीट आणि खाली खत विरघळवलेलं पाणी. तीन आठवड्यांत पानं अशी तरारली की येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवत होतो. मग लक्षात आलं, पाणी निम्म्यावर उतरलंय. नळ जायच्या आत पिंप भरून ठेवणाऱ्या घरात वाढलेला मी. डबा काठोकाठ भरून टाकला. चौथ्या दिवशी लेट्यूसनं मान टाकली. झाकण उचललं तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. रोप चक्क बुडून मेलं होतं.

मुळांनाही श्वास लागतो, हे शाळेत शिकून विसरलेलो असतो. पाण्यातली खनिजं आत ओढून घ्यायला ऊर्जा लागते आणि तिच्यासाठी प्राणवायू. मातीत तो कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. लिटरभर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात २० अंशांना जेमतेम ९ आणि ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात पाण्यातली हवा घटते आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढते. त्यात ‘पिथियम’ नावाचा, बुरशीसारखा जीव टपलेलाच असतो. गुदमरलेली मुळं त्याला आयती सापडतात.

माझा डबा ज्या पद्धतीचा होता ती हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी रुजवली. पंप नाही, वीज नाही. रोप पाणी पितं, पातळी उतरते आणि मुळांचा वरचा भाग डब्यातल्या दमट हवेत उघडा पडतो. तिथं हवा घेणारी बारीक मुळं फुटतात. पाणी शोषायचं काम खालची करतात. म्हणजे पातळी उतरणं हाच या पद्धतीचा पंप. मी माया करायला गेलो आणि तोच बंद पाडला.

माती नसतानाही रोप वाढतं, तर ते मातीतून नेमकं काय घेतं, हा प्रश्न जुना आहे. बेल्जियमच्या यान फान हेल्माँटनं सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलोची फांदी लावली, म्हणजे आपल्या वाळुंजाची बहीण. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७५ किलोंच्या वर गेलं, माती मात्र साठेक ग्रॅमच घटली. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. झाड हवेतून कार्बन घेतं हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ते साठ ग्रॅम त्यानं सोडून दिले. खरी गोम त्या साठ ग्रॅमांत होती. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डनं पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला, तेव्हा बागेची माती कालवलेल्या पाण्यात तो सर्वांत जोमानं वाढला. पुढं १८६०च्या सुमारास झाक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी मोजून घातलेल्या क्षारांवरच रोपं वाढवून दाखवली.

घरी चुकतं ते इथंच. दुकानातून १९:१९:१९ आणायचं, चमचाभर पाण्यात टाकायचं आणि वाट बघायची. द्राक्षवाल्यांचं हे ओळखीचं विद्राव्य खत, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात. नव्या डब्यात हे काम करणारं फारसं कुणी नसतं. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. म्हणून मातीविना लागवडीची तयार खतं घ्यावीत. कॅल्शियम वेगळं ठेवायला ती ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत मिळतात. दाट स्वरूपात एकत्र केली तर कॅल्शियम आणि सल्फेट मिळून तळाला पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम. गणपतीच्या मूर्तींचं प्लास्टर ज्याच्यापासून करतात, तोच. आधी पाण्यात अ, ढवळून मग ब, एवढं पाळलं की झालं.

दख्खनच्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि डब्यातला पीएच वर ढकलतं. पीएच साडेपाच ते साडेसहा हवा. त्याच्या वर चढला की लोह डब्यात असूनही रोपाच्या हाती लागत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, पण झाकून. उघड्या डब्यात डासांच्या अळ्या होतात आणि पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला येणारे महापालिकेचे कर्मचारी तुमची विज्ञाननिष्ठा ऐकून घेणार नाहीत. डबा बाहेरून काळा रंगवायचा, वर पांढरा हात द्यायचा. काळ्यानं उजेड अडतो आणि शेवाळ धरत नाही, पांढऱ्यानं ऊन परततं.

पालेभाज्या सोप्या. झेंडू आणि स्ट्रॉबेरीही जमते, मात्र स्ट्रॉबेरीचा गड्डा पाण्याच्या वर हवा. टोमॅटो हे वेगळंच प्रकरण. मोठं झाड दिवसाला लिटरभर पाणी सहज पितं, म्हणून बादली मोठी आणि माशांच्या टाकीचा बबलर लागतो. फुलातले पराग नळीसारख्या परागकोशांत बंद असतात. बाहेर भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो आणि ते झडतात. बंद गॅलरीत भुंगा कुठला? दांडीला टिचक्या मारायच्या. मी बॅटरीवरचा जुना टूथब्रश लावतो, घरच्यांना ते वेड वाटतं.

उत्पन्नाच्या जाहिराती मात्र जपून वाचाव्यात. कॅलिफोर्नियात विल्यम गेरिके यांनी १९३०च्या दशकात २५ फुटी टोमॅटो वाढवून खळबळ उडवली. त्यांच्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी तपासून १९३८ मध्ये लिहिलं, की चांगल्या जमिनीपेक्षा यात पीक मुळातून जास्त येतं असं नाही. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या लेट्यूसचा हिशोब मांडला गेला: किलोमागे पाणी २५० लिटरवरून २० लिटरवर, पण हरितगृह थंड-गरम ठेवायला आणि दिव्यांना किलोमागे सुमारे २५ युनिट ऊर्जा. गॅलरीतल्या उन्हाचं बिल येत नाही, म्हणून मी दिवे लावत नाही.

लेट्यूस आता दिवाळीनंतरच. सध्या त्याच डब्यात आंबट चुका आहे, पाणी चार बोटं खाली गेलंय आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘भरू नये.’ घरात पाणी भरायची सवय काही मला एकट्यालाच नाही.