पूर आला, मुंग्या निघाल्या!

ऑगस्ट २०१७. हार्वे चक्रीवादळाने अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर पाण्याखाली घातलं. रस्त्यांचे ओढे झाले आणि त्या गढूळ पाण्यावर तांबूस-तपकिरी थर तरंगताना दिसू लागले. लांबून पालापाचोळा वाटावा असे. जवळून पाहिलं तर अख्खा थर वळवळतोय! त्या होत्या फायर अँट, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून घुसलेल्या डंखधारी लाल मुंग्या. सगळं वारूळ राणीसकट, पिल्लांसकट प्रवासाला निघालं होतं.

पुरात किडामुंगी वाहून जाते, असं आपण सहज म्हणतो. ही मुंगी वाहून जाते खरी, पण मरत नाही. तिचं मूळ गाव ब्राझील-अर्जेंटिनाकडच्या नद्यांकाठचा सखल मुलूख. तिथे पाणी चढणं नेहमीचंच, त्यामुळे तराफा बांधणं तिच्या अंगात मुरलंय.

१०० सेकंदांत तराफा

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या नेथन म्लॉट, क्रेग टोव्ही आणि डेव्हिड हू यांनी २०११ मध्ये हे तंत्र उलगडलं. हजारो मुंग्यांचा गोळा पाण्यात सोडला की साधारण १०० सेकंदांत तो पसरून चपटा होतो. मुंग्या जबड्यांनी आणि पायांनी एकमेकींना घट्ट धरतात. एकट्या मुंगीचं अंग पाणी थोडंफारच झटकतं. पण अशी वीण जमली की मध्ये हवा अडकते आणि पाणी आत शिरत नाही. तराफा काडीने खाली दाबला तर पाण्याला नुसता खळगा पडतो, मुंग्या कोरड्याच! हवेचा थर तळाशीही असतो, म्हणून खालच्या मुंग्यांनाही श्वास घेता येतो. कुणाला बुडवून कुणी तरत नाही. या साऱ्या प्रकारात मला हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं.

अळ्याही बसून राहत नाहीत. अंगावरच्या बारीक केसांत हवेचे बुडबुडे धरून त्या तराफा तरंगता ठेवायला हातभार लावतात. दोन-चार मुंग्यांना मात्र हे जमत नाही. टिकाऊ तराफ्याला किमान दहाएक जणी लागतात. जमला, की कित्येक दिवस टिकतो.

हात लावू नका!

ही मुंगी जबड्याने कातडी पकडते आणि मागची नांगी गोल फिरवत पुन्हा पुन्हा टोचते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या तोंडाचे फोड येतात. काहींना जीवघेणी ॲलर्जीही होते. पुरात तर ती अधिकच आक्रमक होते, नेहमीपेक्षा जास्त विष सोडते. तराफ्याला वल्हं किंवा काठी लावाल, तर त्यावरून सरसर हातापर्यंत पोचेल. जालीम उपाय स्वयंपाकघरातच आहे: भांडी घासायच्या साबणाचं पाणी. पाण्याचा पृष्ठताण मोडतो, अडकलेली हवा सुटते आणि मुंग्या बुडतात.

पाणी ओसरलं की कोरडं काही लागेल तिथे त्या बस्तान बसवतात. झाडाचं खोड, कुंपण, घराची भिंत, पुराने आणून टाकलेला कचरा, काहीही चालतं. म्हणून पुरानंतरची साफसफाई हातमोजे आणि बूट घालूनच करावी.

अमेरिकेत हिचा चंचुप्रवेश अलाबामातल्या मोबाईल बंदरातून झाला. १९४२ मध्ये तिथल्या एका मोकळ्या प्लॉटवर हिची नोंद करणारा शाळकरी मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले मुंगीशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन!

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ती २००१ मध्ये सापडली. तिच्या उच्चाटनासाठी तिथे प्रचंड पैसा ओतला जातोय, आणि २०२४ च्या सुरुवातीच्या पुरात तिथल्या क्वीन्सलँड राज्यात तराफे दिसलेच.

नुसता पाऊससुद्धा हिच्या पथ्यावर पडतो. सर येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत, उबदार, दमट आणि वारा पडलेल्या हवेत पंखवाल्या राण्या उडतात. ओली माती उकरायला सोपी, नवं घर चटकन होतं. जुन्या वारुळांचे उंचवटेही याच दिवसांत फुगून वर येतात, त्यामुळे शोधपथकांना ती हुडकायला हीच वेळ सोयीची असते.