मोहाची फुलं: मडक्यातली आणि डब्यातली

मैत्रिणींनो, फाल्गुन-चैत्रात कर्जत-खालापूरकडे गेलात, तर पहाटेच मोहाखाली वाकलेल्या ठाकर-कातकरी बायका दिसतील. रात्री गळलेली फुलं वेचायची, उन्हात मनुकांसारखी वाळवायची. ती भिजवून, आंबवून, मडक्यात उकळून वाफ थंड केली की दारू! पोर्ट वाईनला आंबणं अर्ध्यावर असतानाच ब्रँडी घालतात, म्हणून गोडी उरते. इथे सारी गोडी संपते, आणि कित्येक घरांत दिवसाची मजुरीही. पण त्यात फुलाचा काय बाई दोष? १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुलांवरच बंदी आणली. राज्यातले वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध २०२१ साली उठले. ही वाळली फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू वळा. गूळ बेतानेच घाला, आणि आधी फुलांतले केसर चोळून काढा हं!