मानवी शरीरातील निरुपद्रवी यीस्ट आणि रोगप्रतिकारक यंत्रणेची जडणघडण

प्रस्तावना :
पाव फुगविणारे व मद्य आंबविणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. यीस्टच्या काही जाती मानवी शरीरातही कायम वास्तव्य करतात, याची जाणीव मात्र तुलनेने कमी आढळते. कॅन्डिडा अल्बिकन्स ही जाती अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गात असते. मॅलॅसेझिया या प्रजातीतील यीस्ट त्वचेच्या तेलकट भागांवर राहते. आतड्यातील जीवाणूंच्या तुलनेत यीस्टची संख्या अत्यल्प असते. त्यामुळे त्याचा अभ्यास दीर्घकाळ केवळ रोगकारक म्हणून झाला. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने मात्र वेगळे चित्र पुढे आणले आहे. हे अल्पसंख्य रहिवासी रोगप्रतिकारक यंत्रणेला घडवितात आणि या घडणीचे लाभ व तोटे दोन्ही माणसाच्या वाट्याला येतात.

यीस्टची ओळख कशी पटते :
यीस्टच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन ही बहुशर्करा असते. मानवी पेशी ती तयार करीत नाहीत. म्हणून ती परकेपणाची खूण ठरते. ही खूण ओळखणारा पांढऱ्या पेशींवरील ग्राही म्हणजे डेक्टिन-१. बीटा-ग्लुकनचा ग्राही म्हणून त्याचे कार्य २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन यांनी दाखवून दिले. या ग्राहीने दिलेला संदेश कार्ड-९ या प्रथिनामार्फत पेशीच्या आत पोहोचतो. त्यानंतर टीएच-१७ नावाच्या टी-पेशी तयार होण्यास चालना मिळते. या पेशी इंटरल्यूकिन-१७ हे द्रव्य स्रवतात. त्याच्या प्रभावाने त्वचा व श्लेष्मल आवरणे सूक्ष्मजंतुनाशक प्रथिने निर्माण करतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्या ठिकाणी गोळा होतात.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
२०१९ मध्ये पेट्रा बाखर व सहकाऱ्यांनी मानवी रक्तातील बुरशीविरोधी टी-पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुरशीविरोधी टीएच-१७ पेशी प्रामुख्याने कॅन्डिडा अल्बिकन्समुळेच घडतात, असे त्यात आढळले. यांपैकी काही पेशी इतर बुरशींनाही प्रतिसाद देतात. म्हणजे एका सहवासी यीस्टवर झालेले शिक्षण अन्य बुरशींच्या बाबतीतही उपयोगात येते.

प्रतिपिंडांच्या बाबतीतही असेच घडते. इलियान इलिएव्ह यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखविले की, आतड्यातील कॅन्डिडामुळे रक्तात बुरशीविरोधी आयजीजी प्रतिपिंडे तयार होतात आणि उंदरांमध्ये ती शरीरभर पसरणाऱ्या कॅन्डिडा संसर्गापासून संरक्षण देतात. आतड्याच्या पोकळीत स्रवणारी आयजीए प्रतिपिंडे याहून वेगळे कार्य करतात. कॅन्डिडा गोलाकार यीस्टरूपात व लांबट तंतुरूपात आढळते. ऊतींत शिरकाव करण्याची क्षमता मुख्यतः तंतुरूपाकडे असते. आयजीए प्रतिपिंडे तंतुरूपालाच अधिक लक्ष्य करतात. परिणामी आतड्यात सौम्य यीस्टरूप टिकून राहते. यीस्ट यंत्रणेला घडविते आणि यंत्रणा यीस्टला सौम्य ठेवते, असा हा परस्परसंबंध आहे.

यंत्रणा खंडित झाल्यास :
या संबंधाचे महत्त्व तो तुटल्यावर अधिक स्पष्ट होते. २००९ मध्ये एका कुटुंबात कार्ड-९ च्या जनुकातील दोष व वारंवार होणारे बुरशीसंसर्ग यांचा संबंध सिद्ध झाला. २०११ मध्ये इंटरल्यूकिन-१७ च्या मार्गातील जन्मजात दोषांमुळे त्वचा, नखे व तोंड यांत कॅन्डिडाचा चिवट संसर्ग होतो, हे दिसून आले. एड्सच्या रुग्णांत सीडी-४ टी-पेशी घटल्यावर तोंडात पांढरे चट्टे उमटतात, त्यामागेही हेच यीस्ट असते. बहुधा यीस्ट बाहेरून नव्याने येत नाही. शरीरात आधीपासून असलेल्या यीस्टवरील नियंत्रण सुटते.

प्रशिक्षणाची किंमत :
तथापि हे प्रशिक्षण सर्वस्वी लाभदायक नाही. अॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू हवेतून प्रत्येकाच्या श्वासात जातात. कॅन्डिडामुळे घडलेल्या काही टीएच-१७ पेशी या बुरशीलाही ओळखतात. वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या अभ्यासात श्वसनमार्गाचा दाह असलेल्या रुग्णांत, विशेषतः अॅस्परजिलसच्या अधिहर्षताजन्य फुप्फुसविकाराच्या तीव्र अवस्थेत, अशा पेशी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे आतड्यात मिळालेले शिक्षण फुप्फुसात दाहाला हातभार लावू शकते. क्रोन्स या आतड्याच्या दाहविकारातही यीस्टविरोधी प्रतिपिंडे अनेक रुग्णांत आढळतात व निदानात त्यांचा आधार घेतला जातो. ती रोगाचे कारण आहेत की परिणाम, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘निरुपद्रवी’ हा यीस्टचा अंगभूत गुण नसून यीस्ट, त्याचे शेजारी जीवाणू व यजमान शरीर यांच्यातील समतोलाचे ते नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या यादीत कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वोच्च गटात स्थान दिले. हेच यीस्ट असंख्य निरोगी व्यक्तींच्या शरीरात आयुष्यभर शांतपणे राहते. प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट झाल्यास त्यांची जागा यीस्ट व्यापते, हा वैद्यकातील नेहमीचा अनुभव होय. म्हणून प्रतिजैविकांचा अनाठायी वापर हा या समतोलावरील आघातही ठरतो. त्याचप्रमाणे शरीरातील यीस्टचे सरसकट उच्चाटन हेही आरोग्याचे उद्दिष्ट मानता येत नाही. ज्याच्यावर यंत्रणेचे शिक्षण झाले, तो सहवासी मर्यादेत राहणे, हेच आरोग्याचे लक्षण होय.